डोकाना डॉक्टर मशीन कसाले बनाडस?

गेल्या अंकात मी रॉस अ‍ॅशबी या इंग्लिश सायकियाट्रिस्टबद्दल जाता जाता दोन-चार ओळी टाकल्या होत्या, की हा माणूस दिवसा मेंटल हॉस्पिटलात काम करायचा आणि उरलेल्या वेळात वही घेऊन बसायचा, त्यातून त्याने एक मशीन बनवलं जे बिघडवलं की आपलं आपणच जागेवर यायचं, आणि 'विविधतेला विविधताच आवरते' असा एक नियम मांडला. बस्स, एवढ्यावर इतकी पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप तर विचारूच नका, की या वेळी झोप, परीक्षेचं टेन्शन आणि नवऱ्याची दारू हे आपले नेहमीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो. वरचं हेडिंग, म्हणजे 'डोक्याचा डॉक्टर मशीन कशाला बनवतो?', भुसावळच्या एका भाऊंच्या पत्रातलं आहे, यापेक्षा भारी मला सुचलं नसतं.

प्रश्न : सर, मी धुळ्याला इंटर्नशिप करतोय. सायकियाट्रीला जायचं जवळपास पक्कं आहे पण सर्किट आणि सोल्डरिंगचं वेड लहानपणापासून आहे, हॉस्टेलच्या रूमवर अर्धं टेबल त्याचंच. पप्पा म्हणतात दोन डगरींवर पाय ठेवू नको. अ‍ॅशबींनी शेवटी डॉक्टरकी सोडली का? (एक इंटर्न, धुळे)

उत्तर : सोडली, पण कधी तर वयाच्या सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तोपर्यंत ज्यासाठी त्याचं नाव आहे ते सगळं करून झालं होतं.

क्रमाने सांगतो. विल्यम रॉस अ‍ॅशबी, जन्म लंडनचा, 6 सप्टेंबर 1903. केंब्रिजला सिडनी ससेक्स कॉलेज, मग डॉक्टरकी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलला, मग सायकॉलॉजिकल मेडिसिनचा डिप्लोमा, म्हणजे एकदम मळलेली वाट. आधी लंडन काउंटी कौन्सिलच्या मेंटल हॉस्पिटलात नोकरी, 1936 पासून नॉर्दॅम्प्टनच्या सेंट अँड्र्यूज हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट. 1945 ते 47 आर्मीच्या मेडिकल कोअरमध्ये, आणि गंमत म्हणजे ही नोकरी भारतात, मेजरच्या हुद्द्यावर. परत गेल्यावर ग्लॉस्टरच्या बार्नवुड हाउस या खाजगी मेंटल हॉस्पिटलात रिसर्च डायरेक्टर, तिथे बारा वर्षं काढली. मग ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटचा डायरेक्टर झाला पण तिथे काही जमलं नाही, वर्ष-दीड वर्षात बाहेर. आणि मग अमेरिका, इलिनॉय युनिव्हर्सिटी, जिथून तो 1970 ला रिटायर झाला. आता हे वाक्य पप्पांना मोठ्याने वाचून दाखव : तिथे हा सायकियाट्रिस्ट बायोफिजिक्स आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग या दोन डिपार्टमेंटचा प्रोफेसर होता. 15 नोव्हेंबर 1972 ला ब्रेन ट्यूमरने गेला.

पण खरं सांगू का, मला वाटतं त्याने दोन डगरींवर पाय ठेवलेच नव्हते. त्याच्याकडे प्रश्नच एक होता, आयुष्यभर तोच. मांजराचं पिल्लू पहिल्यांदा आगीजवळ जातं तेव्हा त्याला काही कळत नाही, पंजा भाजून घेतं. थोड्या दिवसांनी तेच पिल्लू बरोबर तेवढ्याच अंतरावर बसतं जिथे ऊबही लागते आणि भाजतही नाही, आग विझत आली की सरकून पुढे येतं, निखारा पडला की मागे उडी मारतं. आता पिल्लाच्या डोक्यात आहे काय, तर पेशी. त्या पेशींना काय माहीत आग म्हणजे काय! आत कोणी मुकादम बसलेला नाही हुकूम सोडायला, तरी सगळं मिळून शहाण्यासारखं वागतं, ते कसं? हे उदाहरण त्याचं स्वतःचंच आहे. आणि हा प्रश्न मेंटल हॉस्पिटलच्या वॉर्डात रोज समोर दिसतो, कारण तिथे असे मेंदू असतात जे जागेवर यायला हवेत आणि येत नाहीयेत. मग उत्तर शोधायला गणित लागलं तर त्याने गणित शिकलं, वायरिंग लागलं तर वायरिंग. 1940 मध्येच त्याने मानसोपचाराच्या एका जर्नलात 'जुळवून घेणं म्हणजे समतोलच' अशा अर्थाचा पेपर छापला होता, आणि सायबरनेटिक्स (यंत्रं आणि प्राणी स्वतःला ताब्यात कसं ठेवतात याचा अभ्यास) हा शब्द ज्याच्यामुळे गाजला त्या नॉर्बर्ट वीनरचं पुस्तक आलं 1948 ला, म्हणजे बघ.

तेव्हा एमडीची तयारी कर आणि टेबलाचा तो अर्धा भाग आवरू नको. नोकरीवर घर चालेल, सोल्डरिंग गनला कितीसा खर्च येतो.

प्रश्न : आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शिक्षण आयटीआय. तुम्ही मशीन मशीन लिहिलं पण आतमध्ये काय होतं ते एक अक्षर नाही लिहिलं. डोकाना डॉक्टर मशीन कसाले बनाडस, आणि ते आपोआप जागेवर कसं काय येत होतं? वायरिंग सांगा, गोष्ट नको. (भुसावळ)

उत्तर : भाऊ, घ्या वायरिंग. मशीनचं नाव होमिओस्टॅट. पूर्ण झालं 16 मार्च 1948 ला, बार्नवुड हाउसमध्ये. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश एअरफोर्सचा बॉम्ब सोडायच्या कंट्रोलचा माल सरप्लसमध्ये निघाला होता, त्यातले चार बॉक्स त्याने वापरले, प्रत्येक बॉक्स म्हणजे एक युनिट. प्रत्येकाच्या डोक्यावर एक फिरणारं मॅग्नेट, त्याला काटा जोडलेला आणि काट्याचं टोक पाण्याच्या छोट्या पन्हाळीत बुडलेलं. पन्हाळीच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड, त्यामुळे काटा जिथे असेल त्याप्रमाणे करंट कमी-जास्त, म्हणजे चक्क पाण्याचा पोटेन्शिओमीटर. आणि प्रत्येक युनिटचा आउटपुट बाकीच्या तिघांना इनपुट म्हणून दिलेला, शिवाय स्वतःचा स्वतःला फीडबॅक. म्हणजे एक काटा हलला की चारही हलणार आणि त्यांचं हलणं फिरून पहिल्याकडे येणार.

इथपर्यंत विशेष काही नाही, कनेक्शन बरोबर जुळलं तर काटे मध्यावर स्थिर, नाही जुळलं तर एका बाजूला जाऊन आपटणार. खरी गोम पुढे आहे. प्रत्येक युनिटमध्ये एक युनिसिलेक्टर होता, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खटखट करत पुढे सरकणारे स्विच असायचे ना तो, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या कोणालाही विचारा. काटा मर्यादेबाहेर गेला आणि तिथेच राहिला की हा स्विच एक घर पुढे सरकायचा आणि त्या युनिटचं कनेक्शनच बदलायचं, किती जोरात आणि उलटं का सुलटं. कुठल्या घरात कुठली व्हॅल्यू हे त्याने मुद्दाम रँडम नंबरच्या टेबलातून घेतलं होतं, म्हणजे उत्तर आधीच आत भरून ठेवलंय असं कोणी म्हणायला नको. एका स्विचला 25 घरं, चार युनिट, म्हणजे 3,90,625 जुळण्या. मशीन त्यातली एक ट्राय करतं, नाही जमली की खट, दुसरी, नाही जमली की खट, तिसरी, आणि ज्या जुळणीवर चारही काटे मध्यावर येतात तिथे थांबतं. बस. त्याला कोणती जुळणी बरोबर हे माहीत नसतं, फक्त आपण मर्यादेत आहोत की नाही एवढंच त्याला कळतं.

तुमच्या दुकानातल्या स्टॅबिलायझरशी तुलना करून बघा. व्होल्टेज पडलं की काय करायचं हे स्टॅबिलायझर बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, पण त्याच्या आतली एक वायर कोणी उलटी जोडली तर तो स्वतः ती सुलटी करून घेणार नाही, धूर काढेल. अ‍ॅशबी लोकांना डेमो देताना नेमकं हेच करायचा, एखादं कनेक्शन उलटं करायचा, मॅग्नेट फिरवायचा, दोन काटे एकमेकांना बांधून टाकायचा, आणि मशीन बिचारं खट खट करत नवीन जुळणी शोधून पुन्हा शांत व्हायचं. 1949 ला टाइम मॅगझिनने यावर छापलं आणि एकदम हवा झाली. पण मशीन-कासवं बनवणारा त्याचा दोस्त ग्रे वॉल्टर याने चेष्टा केली की हे शेकोटीजवळच्या मांजरासारखं झोपाळू मशीन आहे, डिवचलं तरच हलतं आणि सोयीची जागा सापडली की पुन्हा झोपतं. चेष्टा खरीच आहे.

आता कमी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही उद्या बनवायला घ्याल. चार युनिटला जमतं, पण युनिट वाढवा. समजा वीस आहेत, प्रत्येक सेट व्हायची शक्यता निम्मी, आणि सगळी एकाच वेळी सेट व्हायला हवीत, तर सरासरी दहा लाखांवर ट्राय लागतात. मेंदूत तर अब्जावधी पेशी. हे अ‍ॅशबीलाही दिसलं होतं, त्याचं म्हणणं मग सगळी एकमेकांना घट्ट बांधलेली नकोत, तुकड्यातुकड्यात सैल बांधलेली हवीत, म्हणजे एक तुकडा जमला की तो जपून ठेवता येतो. त्यासाठी त्याने डॅम्स नावाचं मोठं मशीन करायला घेतलं, ते मात्र त्याच्या मनासारखं कधी चाललं नाही.

प्रश्न : विविधतेला विविधताच आवरते म्हणजे नक्की काय? मुलगा म्हणतो हे शेतीलाही लागू होतं. माझी केळी आहे, मला लागू करून दाखवा. (केळी बागायतदार, रावेर)

उत्तर : दादा, मुलगा बरोबर म्हणतोय. हा नियम त्याच्या 1956 च्या पुस्तकात आहे. बाहेरून येणारी संकटं जितक्या तऱ्हेची, तितक्या तऱ्हेचे उपाय तुमच्या हातात पाहिजेत, कमी असतील तर कितीही मेहनत करा, काही ना काही निसटणारच. मेहनत कमी पडते म्हणून नव्हे, तर तऱ्हा कमी पडतात म्हणून. हे त्याने गणितानेच दाखवलं, त्यामुळे त्यात दैव-बिव काही नाही.

आता तुमची बाग घ्या. थंडीत चरका, पावसाळ्यात करपा, मध्येच सीएमव्ही हा विषाणूचा रोग येऊन रोपंच उपटायला लावतो, मे-जूनमध्ये एका वादळात उभी बाग आडवी, लाइट रात्रीची, आणि सगळं नीट झालं तर भाव पडलेला. आणि आपल्याकडे उपाय काय, पाणी द्या आणि खत टाका. त्यात शेजारीपाजारी सगळीकडे बहुतेक तीच जी-नाईन जातीची केळी, म्हणजे रोगाच्या बाजूला भरपूर तऱ्हा आणि आपल्या बाजूला एकच. अ‍ॅशबीच्या हिशोबाने दोनच रस्ते. एक, आपले उपाय वाढवा : थोडी लागवड वेगळ्या महिन्यात, थोडं दुसरं पीक, माल विकायला दुसरा व्यापारी माहीत असणं. दोन, येणाऱ्या संकटांच्याच तऱ्हा बांधावर अडवा : बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावलं की वारा आणि थंडी दोन्ही थोडी बाहेर राहतात, घडाला स्कर्टिंग बॅग, खात्रीची रोगमुक्त टिश्यू कल्चर रोपं. यातलं बरंचसं तुम्ही माझ्या आधीपासून करताय, नियम फक्त ते का चालतं ते सांगतो. कुठला उपाय नेमका निवडायचा हे नियम सांगत नाही, त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रवाल्यांना विचारा, मला नको.

मला हा नियम ओपीडीत जास्त दिसतो. एक माणूस येतो, बायकोशी भांडण झालं की पितो, सोसायटीची नोटीस आली की पितो, मुलगा नापास झाला की पितो, आणि लग्नात आनंद झाला म्हणूनही पितो. संकटं सतरा, उत्तर एक. अशा माणसाला दारू सोड म्हटलं तर त्याच्याकडे एकही उत्तर उरत नाही, म्हणून आधी त्याला दुसरी दोन-तीन उत्तरं द्यावी लागतात. हे पुस्तकात नाही, माझं आहे, पण सुचलं पुस्तकामुळे.

जाता जाता, स्टॅफर्ड बीअर नावाच्या इंग्लिश मॅनेजमेंटवाल्याने याच नियमावर कारखाने चालवायची पद्धत बसवली आणि 1971 ते 73 मध्ये चिली देशाच्या सरकारी उद्योगांसाठी ती वापरायला घेतली, पण तिकडे लष्कराने सत्ता उलथवली आणि प्रोजेक्ट तिथेच संपला.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. हा माणूस वही लिहायचा असं तुम्ही लिहिलंय, ती डायरी होती का? मुलांना सांगायला बरं पडेल. (अमळनेर)

उत्तर : मॅडम, आज भाजी काय केली असली डायरी नव्हती. मे 1928 मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने कामाच्या कल्पना लिहायला वही केली आणि 1972 पर्यंत लिहीत राहिला. एकूण 25 वह्या, 7,189 पानं, आणि पानांचे नंबर एका वहीतून दुसऱ्या वहीत सलग जातात, नवीन वही म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात नाही. त्यात आकृत्या, गणितं, फसलेली गणितं, होमिओस्टॅटचं सर्किट, वाचलेल्याची टिपणं, सगळं. पण मुलांना खरं सांगण्यासारखं हे की तो इंडेक्स करायचा. विषयवार कार्डं, त्यावर पान नंबर, म्हणजे वीस वर्षांपूर्वी आपण या विषयावर काय लिहिलं होतं ते पाच मिनिटांत काढता यायचं. आपल्याकडे वह्या भरणारी हुशार मुलं खूप, पण भरलेली वही पुन्हा उघडणारं एखादंच. त्याच्या घरच्यांनी या वह्या ब्रिटिश लायब्ररीला दिल्या आणि 2008 पासून पानन् पान स्कॅन करून नेटवर फुकट ठेवलंय, शाळेत प्रोजेक्टर असेल तर सरळ दाखवा, अक्षर सुंदर आहे.

प्रश्न : माझ्या भावाला जळगावला नेलं तर डॉक्टर म्हणाले शॉक द्यावा लागेल. घरात रडारड चालू आहे, आई म्हणते त्यापेक्षा भगताकडे नेऊ. तुमचा अ‍ॅशबीही शॉक देणाऱ्यातलाच होता ना? खरं सांगा. (चोपडा)

उत्तर : ताई, हो, तो त्याच काळातला होता. ईसीटी म्हणजे शॉक ट्रीटमेंट 1938 ला रोममध्ये सुरू झाली, बार्नवुड हाउसमध्येही दिली जायची आणि तिच्यावर त्याने संशोधनही केलं. एवढंच नाही, मेंदूच्या पुढच्या भागाची जोडणी कापायचं जे ल्युकोटॉमीचं ऑपरेशन तेव्हा चालायचं, ज्यासाठी एगास मोनिझला 1949 चं नोबेल मिळालं, त्याच्या परिणामांवरही अ‍ॅशबीचे पेपर आहेत. शॉककडे तो आपल्या मशीनच्या नजरेने बघायचा, की अडकून बसलेल्या सिस्टिमला धक्का दिला की ती दुसरीकडे जाऊन बसेल, कदाचित चांगल्या जागी. होमिओस्टॅटसाठी हे ठीक आहे, त्याला घर नसतं, आई नसते, आठवणी नसतात. माणसाच्या बाबतीत 'बघू कुठे बसतंय' हा विचार मला आवडत नाही, आणि अ‍ॅशबी मला कितीही आवडत असला तरी त्याच्या कामाचा हा भाग मी झाकून सांगणार नाही. तेव्हा औषधंच नव्हती हेही खरं, पहिलं चांगलं औषध क्लोरप्रोमझीन आलं 1952 ला.

आता तुमच्या भावाचं. आजची ईसीटी म्हणजे सिनेमात दाखवतात तसं बांधून शॉक देणं नाही. भूल देतात, स्नायू सैल करायचं इंजेक्शन देतात, आणि हे दिल्याशिवाय ईसीटी करायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. जेवणखाण सोडलेलं खूप खोल डिप्रेशन, जिवाला धोका, किंवा माणूस पुतळ्यासारखा गप्प होऊन बसतो ती अवस्था, अशात ती औषधांपेक्षा लवकर काम करते. काही दिवस विसरायला होतं, काहींना जास्त, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कशासाठी, किती वेळा, भूल कोण देणार, दुसरा उपाय आहे का, हे सगळं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, विचारल्यावर चिडणारा डॉक्टर असेल तर दुसऱ्याला दाखवा. भावाची संमतीही लागते, ती गृहीत धरू नका. आईंना भगताकडे देवाचं म्हणून जायचं असेल तर जाऊ द्या, पण उपचार थांबवून नाही. आणि रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानसचा 14416 लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो मरणाचं बोलत असेल तर मात्र फोनवर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, आणि तोपर्यंत त्याला एकटं सोडू नका.

प्रश्न : मग एआयचा शोध अ‍ॅशबीनेच लावला म्हणायचं का? (शहादा)

उत्तर : नाही म्हणायचं. लंडनमध्ये 1949 पासून रेशो क्लब नावाची एक जेवणं-गप्पांची मंडळी होती, डॉक्टर, इंजिनिअर, गणितवाले, त्यात अ‍ॅशबीही होता आणि कॉम्प्युटरचा पाया घालणारा गणिती अ‍ॅलन ट्युरिंगही. त्याआधीच ट्युरिंगने त्याला पत्र लिहून सुचवलं होतं की वेगळं मशीन कशाला बनवतोस, आमचा कॉम्प्युटर होतोय त्याच्यावरच प्रोग्राम करून बघ. अ‍ॅशबीने ऐकलं नाही, वायरच जोडल्या. पुढे जग ट्युरिंगच्या रस्त्याने गेलं.

प्रश्न : त्याचं काही वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करू? गणित बारावीनंतर सुटलं. (पारोळा)

उत्तर : 1956 चं 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू सायबरनेटिक्स'. घरच्यांच्या परवानगीने नेटवर फुकट आहे. ज्यांचं गणित कच्चं आहे त्यांच्यासाठीच लिहिलंय, साधं बीजगणित पुरतं, आणि जागोजागी गणितं दिली आहेत ज्यांची उत्तरं मागे छापलेली आहेत. तीन भाग आहेत, पहिला न सोडता करा, दुसऱ्या भागात एन्ट्रॉपीपाशी अडकलात तर तेवढं सोडून पुढे जा, विविधतेचा नियम तिसऱ्या भागात आहे. 'डिझाइन फॉर अ ब्रेन' नंतर घ्या, त्यात मांजराचं पिल्लू आणि होमिओस्टॅट दोन्ही आहेत पण ते जड आहे, आणि घेतलंत तर 1960 ची दुसरी आवृत्ती घ्या, 1952 च्या पहिलीपेक्षा तिच्यात बरंच बदललंय.